खोलीचं माप

श्टेफान झ्वाइगच्या 'शाखनोव्हेले' या लघुकादंबरीच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. न्यूयॉर्कहून ब्युनोस आयर्सला निघालेल्या बोटीवर डॉ. बी. नावाचा एक व्हिएन्नाचा वकील बुद्धिबळाच्या जगज्जेत्याशी, मिर्को चेंटोविचशी, दुसरा डाव खेळत असतो. चेंटोविच मुद्दाम वेळ काढतो. प्रत्येक चालीला ठरलेली दहा मिनिटं पुरेपूर वापरतो. डॉ. बी. अस्वस्थ होतो, उठतो आणि येरझाऱ्या घालायला लागतो. दालन चांगलं प्रशस्त आहे. पण बघणाऱ्या निवेदकाच्या ध्यानात येतं की हा माणूस दर वेळी तेवढंच अंतर चालतो आणि मोकळ्या जागेच्या मध्येच, समोर काहीतरी आडवं आल्यासारखा, वळतो. पूर्वी ज्या खोलीत त्याला कोंडलं होतं, तिचं माप त्याच्या पायांत राहून गेलेलं आहे.

विशीत जर्मन शिकताना मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं. भाषा सोपी, पानं शंभराच्या आत, म्हणून वर्गात सगळ्यांनाच ते सुचवलं जाई. तेव्हा हा परिच्छेद माझ्या लक्षातही आला नव्हता. कोण जिंकणार, एवढंच मी वाचत होते. परीक्षेत या पुस्तकावर जे उत्तर लिहिलं तेही ठरलेलंच होतं: चेंटोविच म्हणजे यांत्रिक, निर्बुद्ध सत्ता, डॉ. बी. म्हणजे युरोपातली सुसंस्कृत, मानवतावादी परंपरा. पट म्हणजे विसाव्या शतकाचं रणांगण. हे उत्तर चुकीचं नाही. पण २०२१च्या हिवाळ्यात मी हे पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा मला ते उत्तर फार लांबून दिलेलं वाटलं. या वेळी मी येरझाऱ्यांच्या परिच्छेदाशी अडकले आणि तिथून मागे मागे जात पुस्तक वाचलं. तसं वाचल्यावर जे दिसलं, त्याबद्दल हा लेख आहे.

आधी मी तिथे का अडकले ते सांगायला हवं.

जानेवारी २०२०मध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला. हातपाय डावे गेले, हे आम्हाला समजण्यासारखं होतं. समजायला वेळ लागला तो वेगळ्याच गोष्टीला. आई जेवताना ताटाचा डावा अर्धा भाग तसाच ठेवायची. भाजी, आमटी संपायची. चटणी, कोशिंबीर, लिंबू जागच्या जागी. आणि वर मला विचारायची, "आज कोशिंबीर नाही का केलीस गं?" डोळे शाबूत होते. ताट फिरवून दिलं की कोशिंबीर दिसायची, आवडीनं खायची. डावीकडचं जग तिला दिसत नव्हतं असं नाही. तिचं लक्षच तिकडे जात नव्हतं. उजव्या मेंदूला इजा झाली की असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की 'लक्ष' नावाची गोष्ट जागेत पसरलेली असते. तिला डावं-उजवं असतं, जवळ-लांब असतं, आणि तिचा एखादा तुकडा हरवूही शकतो.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. येणाऱ्या बाई यायच्या थांबल्या. भाऊ परदेशात. नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, आई आणि मी. पहिले काही महिने सगळं जग तसंच राहत होतं, त्यामुळे वेगळं काही वाटलं नाही. पुढे बाकीचे बाहेर पडले, आम्ही नाही. संसर्ग घरात येईल ही धास्ती होतीच. आणि आईला एकटं सोडून अर्धा तासही बाहेर जाणं जमत नव्हतं. मे २०२१मध्ये आई गेली. हे सोळा महिने मी पलंग, ओटा आणि न्हाणीघर या त्रिकोणात काढले. 

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मी मंडईत निघाले. तीस वर्षं चाललेला रस्ता. अप्पा बळवंत चौकात आले आणि थांबले. डावीकडे वळलं की शनिवारवाडा, उजवीकडे वळलं की मंडई. हे मला ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं असतं. पण ते ठाऊक असणं पायांपर्यंत पोचेना. पुस्तकांची दुकानं ओळखीची, पाट्या ओळखीच्या, पण त्या एकमेकींना जोडलेल्या वाटेनात. रस्ता ओलांडायचा तर एका वेळी एकच वाहन दिसत होतं. त्या रिक्षाकडे बघितलं की बाकीची वाहतूक नाहीशी व्हायची. मी वीसेक मिनिटं एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले आणि घरी परत आले. आईला झालं ते मलाही होतंय, ही भीती पुढचे कित्येक दिवस कुणाला सांगितली नाही.

तपासण्या झाल्या. मेंदूत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, फार दिवस एका खोलीत, एका काळजीत राहिलात, त्याचा परिणाम आहे. फिरा, माणसांत जा. मला ते तेव्हा समजूत घालण्यासारखं वाटलं. झ्वाइगचं पुस्तक हाती आलं ते या दिवसांत.

*

डॉ. बी.ला तुरुंगात टाकत नाहीत, छळछावणीतही पाठवत नाहीत. व्हिएन्नातल्या हॉटेल मेट्रोपोलमधली एक खोली त्याला देतात. हे हॉटेल खरं होतं. १९३८मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर गेस्टापोनं तिथे आपलं मुख्यालय थाटलं. ऑस्ट्रियाचा पदच्युत चॅन्सलर शुश्निग याला तिथेच ठेवलं होतं. कथेतल्या डॉ. बी.कडे मठांच्या आणि राजघराण्याच्या मालमत्तेची माहिती आहे, ती त्यांना हवी आहे. मारहाण करायची नाही, फक्त एकटं ठेवायचं. खोलीत दार, पलंग, खुर्ची, टेबल, हात धुण्याचं भांडं, गजांची खिडकी. खिडकीबाहेर भिंत. पुस्तक नाही, कागद नाही, पेन्सिल नाही, घड्याळ नाही. जेवण आणणारा पहारेकरी बोलत नाही.

समीक्षक इथे सहसा 'वेळ' या गोष्टीकडे वळतात: दिवस-रात्र कळत नाही, काळ थांबतो वगैरे. झ्वाइगनंही ते लिहिलं आहे. मला मात्र या भागातला सगळ्यात अचूक प्रसंग कोटांचा वाटतो. चौकशीआधी डॉ. बी.ला एका खोलीत तासन्‌तास उभं ठेवतात. ही खोली वेगळी आहे, एवढ्यावरच तो हरखतो. तिथे भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि खुंट्यांवर ओले लष्करी कोट आहेत. तो त्या कोटांवरचं पाणी बघत राहतो. एक थेंब कापडाच्या घडीवरून ओघळतो, अडतो, पुन्हा निघतो, आणि हा माणूस त्या थेंबाकडे असा बघतो की जणू त्याचं आयुष्य त्यावर टांगलेलं आहे. त्याच कोटांपैकी एकाच्या खिशात त्याला चौकोनी फुगवटा दिसतो. पुस्तक.

इथे झ्वाइगला एक गोष्ट कळलेली आहे जी मला सोळा महिने घालवूनही शब्दांत सांगता आली नव्हती. एकटेपणात लक्ष बोथट होतं, असं आपण समजतो. खरं तर आधी ते उपाशी होतं. आणि उपाशी लक्ष मिळेल त्या एका वस्तूला चिकटतं. आईच्या पलंगासमोरच्या भिंतीला ओलीचा एक पोपडा होता. त्याच्या कडा मला आजही काढून दाखवता येतील. पण त्याच भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्याचं मला चार दिवस कळलं नव्हतं.

मानसशास्त्रात याच्या जवळचं एक जुनं निरीक्षण आहे. १९५९मध्ये ईस्टरब्रुक या संशोधकानं असं मांडलं की ताण वाढतो तसा माणूस एका वेळी कमी खुणा टिपतो. मधल्या महत्त्वाच्या गोष्टीवर लक्ष एकवटतं आणि कडेच्या गोष्टी गळत जातात. थोड्या वेळापुरतं हे उपयोगाचंच असतं. साप दिसला की आजूबाजूची फुलं दिसू नयेत, हे बरंच. अडचण होते ती साप सोळा महिने समोर बसून राहिला की. आणि जागेचं भान तर कडेच्या गोष्टींवरच उभं असतं. चौक ओळखायचा तर एक पाटी पुरत नाही. पाटी, तिच्या शेजारचं दुकान, पलीकडचा उतार, मागून येणारा रस्ता, हे सगळं एकदम लागतं.

एकटेपणाची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन एका लहान खोलीत नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांवर एकसुरी आवाज. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसलं नाही. सलग विचार करणं अवघड झालं, नसलेली दृश्यं दिसू लागली. बाहेर आल्यावर काहींना काही वेळ सपाट भिंतीही वाकल्यासारख्या दिसत होत्या. या प्रयोगांना पैसा कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाचा होता. कोरियन युद्धातल्या कैद्यांचं मतपरिवर्तन कसं होतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. म्हणजे झ्वाइगनं जी खोली कल्पनेनं उभी केली, तशी खोली दहा-बारा वर्षांनी प्रयोगशाळेत बांधली गेली. झ्वाइग स्वतः कधी अशा कोठडीत राहिला नव्हता. १९३४मध्येच तो ऑस्ट्रिया सोडून गेला होता.

*

चोरलेलं पुस्तक निघतं बुद्धिबळाच्या दीडशे गाजलेल्या डावांचं. डॉ. बी. आधी निराश होतो. मग पलंगावरच्या चौकटीच्या चादरीची घडी घालून तो ६४ घरं बनवतो, पावाच्या तुकड्यांचे मोहरे करतो. थोड्याच दिवसांत त्याला पावाचे मोहरे लागत नाहीत, मग चादरही लागत नाही. पट डोक्यात उभा राहतो.

हा टप्पा त्याला वाचवतो. झ्वाइग स्पष्ट लिहितो की या काळात त्याची बुद्धी तल्लख झाली, चौकशीत तो जास्त सावधपणे बोलू लागला. मग दीडशे डाव पाठ होतात, त्यांतली गंमत संपते आणि तो स्वतःविरुद्ध खेळायला लागतो. पांढरा मीच, काळाही मीच. इथून घसरण सुरू होते. तो खोलीत वेगानं येरझाऱ्या घालतो, झोप उडते, घशाला कोरड पडते, आणि एक दिवस पहारेकऱ्यावर धावून जातो, खिडकीच्या काचेवर हात मारतो. हाताला खोल जखम होते. दवाखान्यातला एक भला डॉक्टर त्याला सोडवतो.

पहिला टप्पा तारतो आणि दुसरा बुडवतो, हे असं का? दोन्ही वेळा खोली तीच, माणूस तोच, पटही डोक्यातलाच. झ्वाइगचं उत्तर आहे की एकाच मेंदूचे दोन भाग करणं ही अशक्य गोष्ट आहे, त्यातून माणूस दुभंगतो. हे उत्तर नाट्यमय आहे आणि पुस्तकाचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा भागही हाच. मला ते अर्धंच पटतं. माझ्या मते फरक आहे तो बाहेरच्या आधाराचा. छापील डावांमध्ये कुणीतरी दुसरा होता. प्रत्येक चाल दोन खऱ्या माणसांनी, खऱ्या पटावर, खऱ्या गावात खेळलेली होती. डॉ. बी. चुकला तर पुस्तक त्याला चूक दाखवू शकत होतं. स्वतःशी खेळताना त्याला चूक म्हणणारं कुणी उरत नाही.

मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात जागेचा नकाशा तयार होतो, हे १९७१पासून, जॉन ओकीफ यांनी उंदरांच्या मेंदूत विशिष्ट जागी पोचल्यावरच चेतणाऱ्या पेशी दाखवून दिल्यापासून, माहीत आहे. २०१४चं नोबेल त्यांना आणि मोसर दांपत्याला याच कामासाठी मिळालं. हाच भाग स्मृतीचंही काम करतो, आणि दीर्घ ताणाचा फटका बसणाऱ्या भागांपैकीही तो एक आहे. २०१९मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकावरच्या जर्मन नॉयमायर ३ या तळावर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांचे मेंदू जाण्याआधी आणि आल्यावर तपासले गेले. हिप्पोकॅम्पसचा डेंटेट गायरस नावाचा भाग, तिथे न गेलेल्यांच्या तुलनेत, सरासरी सात टक्क्यांच्या आसपास आक्रसला होता. ज्यांच्यात हा बदल जास्त, त्यांची जागेचं आकलन आणि लक्ष निवडून ठेवणं यांच्या चाचण्यांतली प्रगतीही कमी होती. माणसं नऊच, त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये. पण ही माणसं कोठडीत नव्हती, त्यांना कुणी छळत नव्हतं. त्यांच्याभोवती बर्फ होता, तेच चेहरे होते आणि तीच दारं होती. हा अभ्यास वाचला तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं निव्वळ समजूत वाटेनासं झालं.

जागा कमी पडणं हाच फक्त धोका आहे असंही नाही. अमेरिकी दर्यावर्दी रिचर्ड बर्ड १९३४चा दक्षिण ध्रुवीय हिवाळा एका बर्फाखालच्या झोपडीत एकटा राहिला. त्यावरचं 'अलोन' हे त्याचं पुस्तक १९३८मध्ये आलं. बर्डला चहूकडे हवी तेवढी जागा होती. त्या जागेत खूण मात्र एकही नव्हती. फिरण्यासाठी त्यानं बांबूच्या काठ्यांची रांग रोवली होती. एकदा विचारांच्या नादात तो रांगेच्या टोकापलीकडे गेला आणि वळून पाहिलं तर एकही काठी दिसेना. मग त्यानं बर्फ खरवडून एक ढीग केला आणि त्या ढिगापासून ठरावीक पावलं एकेका दिशेला जाऊन परत येत राहिला, काठी सापडेपर्यंत. डॉ. बी.च्या येरझाऱ्या आणि बर्डच्या येरझाऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. मोजून टाकलेली पावलं दोघांचीही आहेत. पण बर्डच्या पावलांच्या मध्यभागी, हातानं केलेला का होईना, एक बर्फाचा ढीग आहे.

*

आता चेंटोविचकडे येते, कारण पुस्तकाबद्दल माझी खरी तक्रार तिथे आहे.

चेंटोविच हा डॅन्यूब नदीवरच्या गरीब नावाड्याचा पोरका मुलगा. गावातल्या पाद्रीबुवांनी वाढवलेला. कुठल्याच भाषेत धड एक वाक्य लिहिता येत नाही. आणि त्याच्या खेळात एक उणीव आहे: त्याला डोळे मिटून खेळता येत नाही. पट समोर लागतो. म्हणून खिशात घडीचा छोटा पट घेऊन हिंडतो. झ्वाइग हे सगळं किंचित हसत सांगतो. या माणसाला कल्पनाशक्ती नाही, असा त्याचा अर्थ. डॉ. बी. मात्र पंचवीसेक वर्षं खरा पट न बघता डोक्यात अख्खे डाव मांडू शकतो. आपली सहानुभूती कुणाकडे जावी हे लेखकानं आधीच ठरवलेलं आहे. बोटीवर पहिल्यांदा खरे मोहरे हलताना बघून डॉ. बी.ला जे नवल वाटतं, त्यासाठी झ्वाइगनं खगोलशास्त्रज्ञाची उपमा योजली आहे: कागदावर गणितानं शोधलेला ग्रह एक दिवस खरोखर आकाशात दिसावा, तसं. उपमा सुंदर आहे. तिच्यात आकाश दुय्यम आहे, गणित आधी.

पण शेवटच्या डावात काय होतं? चेंटोविच वेळ काढतो, त्या रिकाम्या मिनिटांत डॉ. बी. डोक्यात दुसरेच डाव खेळायला लागतो. मग एका चालीला उंट सारून तो जोरात 'शह' म्हणतो. चेंटोविच पटाकडे बघतो आणि शांतपणे विचारतो की शह कुठे आहे. शह नसतोच. डॉ. बी. ज्या पटावर खेळतोय, तो पट टेबलावर नाही. पुस्तकातला हा सगळ्यात भयंकर क्षण आहे आणि तो घडतो ते केवळ एकाला समोरचा पट दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही म्हणून. चेंटोविच उर्मट आहे, पैशाचा लोभी आहे, डॉ. बी.ची दुखरी नस ओळखून ती दाबणारा आहे. पण ज्याला झ्वाइग उणीव म्हणतो, ती मला आता उणीव वाटत नाही. पट समोर लागणं, मोहरा जिथे आहे तिथेच दिसणं, ही प्रकृतीची खूण आहे. चेंटोविचचं लक्ष बाहेर आहे. पुस्तकातल्या घटना हे दाखवतात, पण पुस्तकाची वृत्ती ते मान्य करत नाही. मनातलं जग थोर आणि हाताला लागणारं जग ठोकळेबाज, ही झ्वाइगच्या पिढीतल्या सुसंस्कृत युरोपीय माणसाची श्रद्धा होती. तिची किंमत काय, हे या पुस्तकानं नकळत लिहून ठेवलं आहे.

हे मी सावधपणे म्हणते, कारण लेखकाचं स्वतःचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ब्राझीलमधल्या पेत्रोपोलिस या गावात, आपल्या भाषेपासून, ग्रंथसंग्रहापासून दूर, गाजलेल्या डावांचं पुस्तक समोर ठेवून वेळ घालवणारा झ्वाइग फेब्रुवारी १९४२मध्ये पत्नीसह आत्महत्या करून गेला. कथेच्या प्रती त्यानं आदल्या दिवसांत प्रकाशकांना टपालानं पाठवल्या होत्या. ती छापून आली त्याच वर्षी, ब्युनोस आयर्समध्ये, म्हणजे कथेतली बोट जिथे निघाली होती तिथे. यावरून कथेला त्याची चिठ्ठी समजून वाचणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाचायचं नाही. पण मनातल्या पटावर विसंबलेल्या माणसाला बाहेरचा पट दिसेनासा होतो, हे त्याला कुठून कळलं असेल, असा प्रश्न पडतो आणि तो सोडून देता येत नाही.

*

मराठी वाचकाला हे पुस्तक वाचताना एक अडसर येतो, तो आपल्या मनातल्या 'एकांत' या शब्दाचा. आपल्याकडे एकांताला फार मान आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावरचे तुकोबा, आणि मग तुरुंगातले ग्रंथ. टिळकांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिलं, सावरकरांनी अंदमानात भिंतीवर कविता लिहिल्या, साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. यावरून आपण शाळेपासून असा निष्कर्ष काढत आलो की थोर माणसाला कोठडी बाधत नाही, उलट ती त्याला एकाग्र करते. आईच्या आजारपणात मला भेटीचे फोन करणाऱ्यांपैकी तिघांनी तरी सांगितलं होतं की आता निवांत लिहायला वेळ मिळत असेल.

ती उदाहरणं नीट बघितली तर मात्र वेगळंच दिसतं. टिळकांना मंडालेत पुस्तकं मिळत होती, लिहायला वह्या आणि पेन्सिल होती, स्वयंपाकाला एक कैदी सोबत होता. हाल होतेच, आणि पत्नी गेल्याची बातमीही तिथेच कळली. पण समोर कागद होता आणि त्या कागदापलीकडे वाचक होता. नाशिकच्या तुरुंगात गुरुजींभोवती सोबती होते. सावरकरांची गोष्ट जास्त कठीण आहे. अंदमानच्या त्या तुरुंगाची रचनाच अशी की एका ओळीतल्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. कैद्याला कैदी दिसू नये. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. सावरकरांच्या राजकारणाबद्दल आपापली मतं असोत, पण 'माझी जन्मठेप' या १९२७च्या पुस्तकात भिंतीचा जो उपयोग दिसतो तो या विषयासाठी मोलाचा आहे. भिंतीवर कोरायचं, पाठ करायचं, म्हणजे डोक्यातल्या ओळी डोक्याबाहेर ठेवायच्या, पुन्हा वाचायच्या. भिंत इथे पुस्तकाचं काम करते. डॉ. बी.ची चादर आणि पावाचे मोहरे हेच काम करत होते. तो बिघडला ते चादर लागेनाशी झाल्यावर. आपण त्यालाच प्रगती म्हणतो, ही आपल्या कल्पनेतली चूक आहे.

म्हणून एकांत आणि एकटं पाडलं जाणं यांत फरक करताना मी आता माणसाच्या मनोबलाकडे बघत नाही. त्याच्याजवळ डोक्याबाहेरची कुठली वस्तू आहे, कुठलं माणूस आहे, आणि दार त्याच्या हाती आहे का, हे बघते. तुकोबांना डोंगरावरून खाली यायची वाट मोकळी होती.

*

झ्वाइगच्या पुस्तकात दोष आहेत. खोलीतल्या महिन्यांबद्दल तो फार वेगानं, फार विशेषणं लावून लिहितो. खरा एकटेपणा इतका वक्तृत्वपूर्ण नसतो. वेडाचा झटका रंगभूमीवरचा वाटतो. आणि कोंडलेला माणूस म्हणजे राजकीय कैदीच असायला हवा, अशी एक समजूत या प्रकारच्या साहित्यानं करून दिली आहे. आजाऱ्याजवळ बसलेल्या बायका त्यात येत नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप नसतं, त्यामुळे तिला कोठडी म्हणता येत नाही. माझ्या खोलीत माझं प्रेमाचं माणूस होतं आणि तिथून बाहेर पडावं असं मला वाटलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. हा गुंता डॉ. बी.च्या वाट्याला आलेला नाही.

येरझाऱ्यांचा तो प्रसंगही नको इतका नेटका आहे. मी गच्चीवर फिरताना मोजून पाहिलं. माझी पावलं कुठल्याही न दिसणाऱ्या भिंतीशी थांबत नव्हती. माझ्यात खोली राहिली ती वेगळ्या ठिकाणी. आईला डावीकडचं जाणवत नसे म्हणून मी पाणी, गोळ्या, चष्मा, सगळं उजवीकडे ठेवत असे. ती गेल्यावर कित्येक महिने माझ्या स्वतःच्या टेबलाची डावी बाजू रिकामीच राहिली. एका भाचीनं विचारलं तेव्हा ते दिसलं.

पण शेवट झ्वाइगला बरोबर साधला आहे. खोटा शह देऊन गोंधळलेल्या डॉ. बी.ला निवेदक समजावत बसत नाही. तो त्याचा दंड धरतो आणि त्याच्या हातावरच्या जुन्या जखमेच्या व्रणावरून बोट फिरवतो. डॉ. बी. बघतो, भानावर येतो, माफी मागतो आणि पटापासून उठतो. डोक्यात हरवलेल्या माणसाला बाहेर आणायला शब्द पुरले नसते. त्वचेवरची एक खूण आणि दुसऱ्याचा हात लागला.

माझ्या मजल्यावरच्या काकूंनी झ्वाइग वाचलेला नाही. मंडईचा प्रसंग मी शेवटी त्यांना सांगितला, कारण भाजी आणायला मी सारख्या त्यांनाच पाठवत होते आणि ते विचित्र दिसायला लागलं होतं. त्यांनी डॉक्टरांचं नाव विचारलं नाही, काही सुचवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवलं. "चल गं, पिशवी जड होते मला एकटीला," म्हणाल्या. जाताना पिशवी रिकामीच होती, तरी तिचा एक बंद त्यांनी माझ्या हातात दिला. चौकात त्या उजवीकडे वळल्या आणि पिशवीबरोबर मीही वळले. तीन आठवडे आम्ही असं गेलो. चौथ्या आठवड्यात चौकाच्या अलीकडेच मला मंडईचा कळस कुठल्या बाजूला असणार ते जाणवलं. दिसला नव्हता अजून, मध्ये इमारती होत्या. पण तो तिकडे आहे हे मानेला कळलं होतं.